समोरून धावत येणारी पोलिसांची गाडी आपला वेग कसा मोजते?

वाटसरू

अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींमध्ये एक समज पक्का बसलेला दिसतो. पोलिसांची गाडी पुलाखाली किंवा मिडियनमधल्या, म्हणजे रस्त्याच्या दुभाजकातल्या, झाडीत दबा धरून उभी असेल तरच ती वेग मोजते, धावत असेल तर काही काळजी नाही. ओळखीतल्या एकाला हल्लीच इंटरस्टेटवर, म्हणजे आंतरराज्य महामार्गावर, वेगाचं तिकीट मिळालं. ट्रूपर, म्हणजे राज्य पोलिसांचा अधिकारी, समोरच्या दिशेने येत होता. दोघे एकमेकांना ओलांडून गेले, मग त्याने मिडियनमधून वळून याला गाठलं. लिमिट ताशी ७० मैल, तिकिटावर ८८.

याचं म्हणणं असं की जो स्वतः साठ-सत्तरने पळतोय, त्याच्या यंत्राला दोघांच्या वेगांची बेरीजच दिसणार. त्यातून माझा एकट्याचा वेग त्याला कसा कळला? अंदाजाने लिहिला असणार.

मला हे पटत नाही, पण नीट उत्तरही देता येत नाही. इथे कोणी या क्षेत्रातलं असेल तर सविस्तर लिहावं. 'गुगल करा' असा प्रतिसाद कृपया नको.

तरंगलांबी

मायक्रोवेव्हच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून लिहितो. तुमच्या मित्राचं अर्धं म्हणणं अगदी बरोबर आहे. यंत्राला बेरीजच दिसते. पण त्याच वेळी त्याला आणखी एक आकडा दिसतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

रडार समोर सतत एक लहर सोडत असतं. हल्ली बहुतेक ठिकाणी केए बँड हा वारंवारतेचा पट्टा वापरतात, ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झमधला. के बँडची, म्हणजे २४.१५ गिगाहर्ट्झची यंत्रंही आहेत. एक्स बँड, १०.५२५ गिगाहर्ट्झ, आता जुना झाला. लहर समोरच्या वस्तूवर आपटून परत येते. वस्तू आणि रडार एकमेकांजवळ येत असतील तर परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित वाढलेली असते. ख्रिस्टियन डॉपलरने १८४२ मध्ये मांडला तो हाच परिणाम. यंत्र पाठवलेली आणि परतलेली लहर एकत्र मिसळतं आणि फक्त फरक उरवतं. ३४.७ गिगाहर्ट्झच्या यंत्रात ताशी एक मैल सापेक्ष वेगामागे हा फरक साधारण १०३.५ हर्ट्झ येतो.

आता पोलिसांची गाडी ६० ने चालली आहे असं धरा. समोरचा डांबरी रस्ता, पाट्या, कडेचे लोखंडी कठडे, सगळे उभे आहेत. पण गाडीतल्या रडारच्या दृष्टीने ते सगळे ६० ने अंगावर येताहेत. त्यांच्याकडून साधारण ६,२०० हर्ट्झचा एक ठळक प्रतिसाद मिळतो. समोरून कोणी ७८ ने येत असेल तर जवळ येण्याचा वेग १३८, म्हणजे साधारण १४,२८० हर्ट्झ. यंत्राला ही दोन वेगळी शिखरं एकाच वेळी दिसतात. पहिल्यावरून स्वतःचा वेग, दुसऱ्यावरून बेरीज. १३८ वजा ६०, उत्तर ७८.

लोकलच्या दारात उभं राहिलं की रुळांशेजारचे खांब आपल्याच गाडीच्या वेगाने मागे पळतात आणि शेजारच्या रुळावरची समोरून येणारी लोकल अंगावर झेपावते. खांबांवरून आपला वेग कळला आणि झेपावणाऱ्या लोकलवरून बेरीज कळली, तर तिचा वेग काढता येईल. रडार तेवढंच करतं, फक्त सेकंदात अनेकदा.

म्हणून पोलिसांच्या डॅशबोर्डवरच्या पडद्यात वेगवेगळे कप्पे असतात. एकात लक्ष्याचा वेग, एकात पोलिसांच्या गाडीचा स्वतःचा, आणि मध्ये पकडून ठेवलेला आकडा. त्या दुसऱ्या कप्प्याकडे या धाग्यावर सगळ्यांनी नीट लक्ष द्यावं असं मला वाटतं. चुका होतात त्या बहुतेक तिथूनच शिरतात.

गोदाकाठ

फार छान समजावलंत. एक शंका. स्वतःचा वेग रस्त्यावरून कशाला मोजायचा? गाडीत स्पीडोमीटर आहेच की.

तरंगलांबी

गोदाकाठ, रास्त प्रश्न. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. टायर झिजला, हवा कमी झाली, दुसऱ्या मापाचा टायर घातला की आकडा सरकतो. रडार स्वतःचा वेगही त्याच लहरीने मोजतं, म्हणजे दोन्ही आकड्यांचं माप एकच राहतं.

नवी यंत्रं गाडीच्या वेगसंवेदकाशी जोडलेली असतात, पण ती जोडणी प्रामुख्याने मार्ग दाखवायला. संवेदक सांगतो की आपण ६० च्या आसपास आहोत, म्हणून यंत्र जमिनीचं शिखर तिथेच शोधतं. भलत्याच शिखराला धरून बसत नाही. जुन्या यंत्रांना ही सोय नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. हे सगळे फरक काही हजार हर्ट्झचे असतात, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येतील असे. यंत्राच्या स्पीकरमधून तो सूर वाजतो. अनुभवी अधिकारी आकडा बघण्याआधी सूर ऐकतो. स्वच्छ, एकसारखा, हळूहळू बळकट होणारा सूर म्हणजे एकच वाहन नीट पकडलंय. खरखर, दोन सूर मिसळलेले, मध्येच तुटणारा आवाज असेल तर तो आकडा सोडून द्यायचा, असं प्रशिक्षणात शिकवतात.

अटकेपार

मी इथे ट्रक चालवतो, अठरा चाकी. माझा अनुभव सांगतो. कितीतरी वेळा छोट्या गाड्या मला ओलांडून सुसाट जातात, समोरून ट्रूपर येत असतो. रडारला मी मोठा दिसणार. मग आकडा माझा की त्या गाडीचा, हे कसं ठरतं?

तरंगलांबी

अटकेपार, हा रडारचा खरा अशक्तपणा आहे. त्याचा झोत साधारण १२ ते १५ अंश रुंद असतो. १२ अंश धरले तरी ३०० मीटरवर झोत साठ मीटरच्या वर पसरलेला असतो. एक लेन साडेतीन-पावणेचार मीटरची. म्हणजे रडार लेन निवडत नाही, ते समोरचं सगळं एकदम बघतं.

साधी पद्धत म्हणजे ज्याचा प्रतिसाद सर्वांत बळकट, त्याचा आकडा दाखवायचा. दूरवरचा मोठा ट्रक जवळच्या छोट्या गाडीपेक्षा बळकट ठरू शकतो. म्हणून नव्या यंत्रांत 'सर्वांत वेगवान' असा वेगळा कप्पा असतो. बळकट प्रतिसाद ट्रकचा ६५, वेगवान ८४, आणि डोळ्यांना दिसतंय की एकच गाडी ट्रकला ओलांडते आहे. तिन्ही गोष्टी जुळल्या तर ८४ त्या गाडीचा. गाड्यांचा जथा असेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

म्हणून क्रम असा शिकवतात: आधी डोळ्यांनी गाडी वेगात आहे असं वाटलं पाहिजे आणि मनाशी अंदाज बांधला पाहिजे. मग सूर ऐकायचा, मग आकडा बघायचा, मग स्वतःच्या वेगाचा कप्पा स्पीडोमीटरशी ताडायचा. हे सगळं काही सेकंद टिकलं पाहिजे. यंत्र आधी आणि डोळे नंतर, असं झालं तर ते काम कच्चं.

धनुष्कोडी

आणि एकाच दिशेने जात असू तर? माझ्यामागून येणारा पोलीस?

तरंगलांबी

तिथे बेरीज नाही, वजाबाकी दिसते. पोलीस ६० ने, पुढची गाडी ७५ ने. रडारला फरक दिसतो १५ चा. पण ती १५ ने पुढे पळतेय की १५ ने मागे पडतेय, हे जुन्या यंत्राला कळत नसे. लक्ष्य आपल्यापेक्षा जलद की हळू, ते अधिकाऱ्याला बटण दाबून सांगावं लागे. चुकीचं बटण दाबलं तर ४५ च्या जागी ७५. आताची यंत्रं परतणाऱ्या लहरीचे दोन भाग थोडे मागेपुढे ठेवून तपासतात, त्यावरून जवळ येणारं आणि दूर जाणारं वाहन वेगळं ओळखू येतं. मागच्या काचेपाशीही एक अँटेना असतो. तुम्ही पोलिसाच्या मागून येत असलात तरी दिसता.

जुनी_वाट

इथे एक गोष्ट कोणी बोललं नाही. रडारची चूक नेहमी चालकाच्याच फायद्याची असते. कोनामुळे आकडा कमीच येतो, जास्त कधीच येत नाही. त्यामुळे ८८ लिहिलंय म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्तच असणार. इतकं खोलात जायची गरज नाही.

तरंगलांबी

जुनी_वाट, तुमचं म्हणणं उभ्या रडारला लागू आहे. धावत्या रडारला ते उलटं लागू शकतं, आणि म्हणूनच मी त्या दुसऱ्या कप्प्याचा इतका आग्रह धरतोय.

उभं रडार रस्त्याच्या कडेला कोन करून असेल तर गाडीच्या वेगाचा फक्त रडारच्या रेषेतला भाग, म्हणजे वेग गुणिले कोनाचा कोसाइन, एवढाच मोजला जातो. १० अंशाला दीड टक्का कमी, २० अंशाला सहा टक्के कमी. चालकाचा फायदा. इथपर्यंत एकमत.

आता धावती गाडी घ्या. समजा यंत्राने स्वतःचा वेग समोरच्या रस्त्यावरून न घेता कडेच्या एखाद्या मोठ्या पाटीवरून किंवा उभ्या ट्रेलरवरून घेतला आणि तो १५ अंश बाजूला आहे. ६० चा कोसाइन भाग ५८. यंत्राला वाटतं मी ५८ ने चाललोय. बेरीज १३८ तशीच आहे. १३८ वजा ५८, उत्तर ८०. प्रत्यक्ष वेग ७८. जे दोन मैल स्वतःच्या वेगातून गळले, ते समोरच्याच्या नावावर जमा झाले.

याहून मोठी चूक म्हणजे ज्याला इंग्रजीत 'शॅडोइंग' म्हणतात ती. पोलिसाच्या पुढे त्याच दिशेने मोठा ट्रक चाललाय. यंत्राने जमीन समजून त्या ट्रकलाच धरलं. पोलीस ६५ ने, ट्रक ५० ने. यंत्राला स्वतःचा वेग १५ वाटतो. समोरून सभ्यपणे ६० ने येणारी गाडी असेल तर बेरीज १२५, वजा १५, उत्तर ११०! इतका अचाट आकडा कोणाच्याही डोळ्यांत भरेल, आणि कप्प्यात १५ व स्पीडोमीटरवर ६५ असा फरक लपणारच नाही. अधिकारी बघत असेल तर. दोन-चार मैलांची चूक मात्र सहज निसटते, आणि दंडाची पायरी ठरते ती नेमकी त्या दोन-चार मैलांवर.

जुनी_वाट

हे मला माहीत नव्हतं. आकड्यांसकट दिलंत म्हणून पटलं.

शुक्रतारा

मी न्यू जर्सीत वाहतूक खटले बघणाऱ्या वकिलांच्या कचेरीत काम करते. वकील नाही, पण या विषयाची कागदपत्रं रोज हाताखालून जातात. थोडा इतिहास सांगते, त्याशिवाय हे नियम कुठून आले ते कळत नाही.

रस्त्यावरचं रडार महायुद्धाच्या काळातल्या कामातून आलं. कनेक्टिकटमध्ये ऑटोमॅटिक सिग्नल कंपनीत जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक यांनी ते घडवलं. १९४७ मध्ये ग्लास्टनबरी गावाजवळ कनेक्टिकटच्या पोलिसांनी ते लावून पाहिलं, आणि १९४९ पासून त्यावर तिकिटं द्यायला सुरुवात केली. तेव्हा यंत्र रस्त्याकडेला उभंच असे. सुरुवातीला प्रत्येक खटल्यात तज्ज्ञ आणून रडार म्हणजे काय हे कोर्टाला समजावून द्यावं लागे. आमच्या न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये 'स्टेट विरुद्ध डँटोनिओ' या निकालात सांगितलं की रडारचं तत्त्व आता सर्वमान्य आहे, ते दर वेळी सिद्ध करायला नको. यंत्र नीट चालत होतं आणि चालवणारा शिकलेला होता, एवढं दाखवा.

धावतं रडार आलं सत्तरच्या दशकात, आणि मग हे उत्तर पुरेना. १९७८ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने 'स्टेट विरुद्ध हॅन्सन' मध्ये धावत्या रडारसाठी अटी घातल्या. अधिकारी प्रशिक्षित हवा, यंत्र सुस्थितीत हवं, आजूबाजूला गोंधळ घालणाऱ्या गोष्टी कमीत कमी हव्यात, पोलिसांच्या गाडीचा वेग पडताळलेला हवा, आणि यंत्राची बाहेरून तपासणी वाजवी वेळेत झालेली हवी. तरंगलांबी ज्या कप्प्याबद्दल सांगताहेत तो न्यायाधीशांनीही तेव्हाच हेरला होता.

त्याच्या पुढच्याच वर्षी मायामीच्या एका टीव्ही वाहिनीने दाखवलं की पोलिसांच्या रडारने ताडाच्या झाडाचा वेग ८६ आणि घराचा वेग २८ मैल नोंदवला. देशभर खळबळ उडाली आणि तिथल्या एका न्यायाधीशाने रडारचा पुरावा बाजूला ठेवला. त्यानंतर नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या मापन-मानकांच्या सरकारी संस्थेने बाजारातल्या यंत्रांची कसून तपासणी केली, आणि यंत्रांचे निकष व पोलिसांचं प्रशिक्षण दोन्हींकडे गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं. आजची यंत्रं त्या काळापेक्षा कितीतरी चांगली आहेत, हे मी बचावाच्या बाजूने काम करूनही सांगते.

गोदाकाठ

बाहेरून तपासणी म्हणजे काय करतात?

शुक्रतारा

ट्यूनिंग फोर्क. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा, तोच. ठरावीक वारंवारतेला कापलेला असतो. के बँडच्या यंत्रात ताशी मैलाला ७२ हर्ट्झ येतात, म्हणून २,५२० हर्ट्झने थरथरणारा काटा अँटेनासमोर धरला की पडद्यावर ३५ दिसायला हवेत. धावत्या पद्धतीसाठी दोन काटे लागतात, कारण पडताळायची असते वजाबाकी. ३५ चा काटा म्हणजे पोलिसाचा स्वतःचा वेग, ६५ चा काटा म्हणजे बेरीज. दोन्ही एकदम धरले की लक्ष्याच्या कप्प्यात ३० आले पाहिजेत. ही तपासणी पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी करून वहीत लिहायची असा बऱ्याच खात्यांचा रिवाज आहे. काट्यांचीही स्वतःची प्रमाणपत्रं असतात. व्हर्जिनियाच्या कायद्यात तर स्पष्ट आहे की यंत्राची तपासणी सहा महिन्यांहून जुनी चालत नाही.

जाईजुई

माहिती उत्तम चालली आहे, पण मला एक बोलल्याशिवाय राहवत नाही. मी ट्रॉमा विभागात नर्स आहे. ७० आणि ८८ मधला फरक ऐकायला अठरा मैलांचा वाटतो. गाडी थांबवताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ८८ ला ७० पेक्षा दीडपटीहून जास्त. ब्रेक लावल्यावरचं अंतरही तितकंच वाढतं. कोरड्या रस्त्यावर ७० ला साधारण सत्तर मीटर लागत असतील तर ८८ ला एकशे दहाच्या वर. समोर अडकलेली गाडी नव्वद मीटरवर असेल तर एक जण थांबतो आणि दुसरा येऊन आदळतो. यंत्राची चूक जरूर शोधा, तो हक्कच आहे. पण घरी त्या मित्राला हे आकडेही सांगा.

वाटसरू

जाईजुई, सांगतो. त्याच्या बायकोनेही वेगळ्या शब्दांत हेच सांगितलंय.

गोदावरीतीर

रडार डिटेक्टर, म्हणजे रडारची लहर आली की ओरडणारं यंत्र, घेतला तर?

अटकेपार

मोठ्या व्यावसायिक ट्रकमध्ये देशभर बंदी आहे, त्यामुळे माझा प्रश्नच मिटला. खाजगी गाडीत व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीत चालत नाही. आणि बाकी ठिकाणीही अधिकारी लहर बंद ठेवून येतात, तुमची गाडी दिसली की बटण दाबतात. डिटेक्टर ओरडेपर्यंत आकडा आलेला असतो. व्हर्जिनियात ८५ च्या वर, किंवा लिमिटपेक्षा २० जास्त, म्हणजे रेकलेस ड्रायव्हिंग. तो दंडाचा नाही, फौजदारी मामला. कैद बारा महिन्यांपर्यंत होऊ शकते. व्हिसावर असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पुणेरी_चाकं

आपल्याकडे हे धावतं रडार वापरतात का? एक्सप्रेसवेवर पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्या दिसतात ते काय असतं?

सह्यमाची

मी ज्या इंटरसेप्टर पाहिल्या त्या सगळ्या बाजूला उभ्या करून मोजणाऱ्या. त्यात लेझरची स्पीडगन आणि कॅमेरा असतो. लेझर डॉपलरवर चालत नाही. ते अवरक्त प्रकाशाचे बारीक ठोके सोडतं, प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं, आणि अंतर किती भराभर कमी होतंय त्यावरून वेग. झोत इतका बारीक की ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर, त्यामुळे वर तरंगलांबींनी सांगितलेला 'कोणती गाडी' हा घोळ बराच मिटतो. पण स्वतःचा वेग वजा करायची सोय नसते, म्हणून गाडी उभी करावी लागते.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०२४ पासून कमानींवर कॅमेऱ्यांची यंत्रणाही आहे, तीत दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात. कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि पुढे सुटायचं, ही युक्ती त्यापुढे चालत नाही. दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली, कारला १,००० ते २,००० रुपये. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नवं करायचं, हे केंद्रीय नियम १६७अ मध्ये २०२१ साली आलं. वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांची वैधमापन खात्याकडून पडताळणी आणि मुद्रांकन करायचा नियमही आलाय, १ जुलै २०२५ पासून. किराणा दुकानातल्या काट्यावर शिक्का लागतो, तसा आता यावरही. मला तरी हे फार आवश्यक वाटत होतं.

वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न शुक्रतारांना. मित्राची कोर्टाची तारीख यायची आहे. त्याने नक्की काय मागावं? नुसतं 'तुमचं रडार चुकलं' म्हणून उपयोग नाही, एवढं कळलं.

शुक्रतारा

अजिबात नाही उपयोग. त्याच्या राज्यातल्या वकिलाला विचारून पुढचं करावं, मी फक्त काय बघतात ते सांगते. यंत्राचं आणि नादकाट्यांचं प्रमाणपत्र, त्या दिवशीच्या तपासणीची नोंद, अधिकाऱ्याचं प्रशिक्षण. हे बहुतेक वेळा व्यवस्थित असतं. मग खरा प्रश्न उरतो तो असा की आकडा पकडला त्या क्षणी पोलिसांच्या गाडीचा वेग किती दाखवत होता, तो स्पीडोमीटरशी ताडला होता का, पुढे मोठा ट्रक होता का, आणि रस्ता तिथे सरळ होता की वळणाचा. काही ठिकाणी गाडीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीवरच लक्ष्याचा आणि स्वतःचा असे दोन्ही वेग उमटतात, तिथे हे सगळं एका नजरेत दिसतं. पण चित्रफिती कायम ठेवत नाहीत, ठरावीक मुदतीनंतर पुसतात. म्हणून तारखेची वाट न बघता मागणीचा अर्ज आजच लेखी द्यायला सांगा, आणि पोच घ्यायला सांगा.

तरंगलांबी

फीत मिळाली तर इथे फक्त तीन आकडे टाका: लक्ष्य, स्वतःचा वेग, स्पीडोमीटर. पहिल्या दोघांची बेरीज करून त्यातून स्पीडोमीटरचा आकडा वजा करू आणि सगळे मिळून तपासू. उत्तर ८८ च आलं, म्हणजे स्वतःचा वेग स्पीडोमीटरशी जुळला, तर ८८ खरे आहेत असं त्याला सांगावं लागेल.

वाटसरू

मान्य. अर्ज उद्या सकाळी जाईल.